समोरून विचारलेले दहा शब्द

२० मार्च २०२५, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मी नोंदवलेली नाही, गृहसंकुलाच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याने नोंदवली आहे. पाण्याचा टँकर मागे येत होता. चालक हॉर्न वाजवत होता, गाडी मागे घेताना वाजणारी शिटीही चालू होती, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक बाई ओरडत होत्या; आणि बालय्या मामा टँकरकडे पाठ करून, वाकून, जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तासाभराने मला पुण्यात आप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. आप्पा मुळातच मोजकं बोलतात. "बालय्या गेला," ते म्हणाले. "टँकरखाली. मागनं आला." मी विचारलं, "हॉर्न दिला नव्हता का?" ते म्हणाले, "दिला हुता की. समदे तेच म्हनत्यात." ज्या प्रश्नाला काही अर्थ नाही हे मला पाच वर्षांपासून ठाऊक होतं, तो प्रश्न मी का विचारला असेन, याचा विचार मी गेले सात आठवडे करते आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या गल्लीत मी वाढले, तिथे मामांच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही भाड्याने राहत होतो. मामा तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातले. आमच्याशी नात्यागोत्याचा संबंध नाही, पण मला कळू लागल्यापासून ते मामा आणि त्यांची पत्नी अक्का. मामा सतराव्या वर्षी गिरणीत लागले. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी खालच्या मोठ्या खोलीत चार यंत्रमाग टाकले आणि टॉवेल विणू लागले. अक्का त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून कांड्या भरत, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळत. आप्पा मागांच्या मोटारी दुरुस्त करत. अशी घरं गल्लीत दोन्ही बाजूंना होती. खाली माग, वर माणसं. आमच्या फळीवरची भांडी दिवसभर सूक्ष्म थरथरत असत, आणि माझ्या पाळण्याला कधी दोरी लागली नाही, जमीनच झोका देत होती, असं आई गमतीने सांगे. त्या आवाजात वाढलेल्या माणसाला तो आवाज म्हणून जाणवत नाही. माग थांबले की मात्र सगळी गल्ली दचकून दारात येई : वीज गेली की काय?

या आवाजात बोलण्याची एक रीत होती. ती कुणी कुणाला शिकवली नव्हती, पण गल्लीतलं प्रत्येक मूल चालायच्या आधी ती शिकत असे. बोलायचं तर आधी खांद्यावर हात ठेवायचा, समोरचा वळला की मगच तोंड उघडायचं. हात पोहोचत नसेल तर दिव्याचं बटण दोनदा खाली-वर करायचं किंवा जमिनीवर टाच आपटायची. शब्द मोठ्याने म्हणायचे नाहीत, मोठे करून म्हणायचे. चालत्या मागाच्या दोन बाजूंना उभे राहून दोन विणकर जावयाच्या कागाळ्या, भाजीचे दर आणि एकमेकांची टिंगल असं सगळं काही बोलत आणि हसत, आणि खोलीत बाहेरून आलेल्या माणसाला एक अक्षर ऐकू येत नसे. पाठमोऱ्या माणसाशी बोलणं हा आमच्याकडे उद्धटपणा समजला जाई. पुण्यात वसतिगृहात पहिल्याच दिवशी मी खोलीतल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती केवढी तरी दचकली. जगात सगळीकडे असं करत नाहीत, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं.

माझं नाव कीर्ती. मामांनी मला त्या नावाने कधी हाक मारली नाही. त्यांच्यासाठी मी 'पापा', तेलुगूत लहान मुलगी. आठवीत मी रागावून विचारलं की माझ्या नावात काय वाईट आहे. "तुझं नाव लई आत हाय," ते म्हणाले. "तोंडातल्या तोंडात होतंय. पापा कसं, ओठावर फुटतंय!" मी हसले आणि विसरून गेले. तसंच त्यांच्या सिनेमांचं. रविवारी दुपारी माग बंद ठेवून ते हिंदीत डब केलेले तेलुगू सिनेमे बघत, आणि विनोदावर आमच्या आधी हसत. आवाज बंद असला तरी त्यांचं काही अडत नसे. "हिरो बोलतोय येक आनि तुम्ही ऐकताय येक," असं ते वर आम्हालाच चिडवत. मी ते भाषेचं प्रेम समजत होते. मामांना एकाच प्रकारच्या माणसाचा कंटाळा होता, झुबकेदार मिशीवाल्याचा. "त्याचं बोलनं मिशीतच अडकतंय," ते म्हणत, आणि पेठेतल्या एका मिशाळ व्यापाऱ्याकडे सूत आणायला नेहमी अक्कांना पाठवत. या सगळ्या गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्यातून जो निष्कर्ष काढायला हवा होता, तो मी काढला नाही.

पुण्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी आमचीच गल्ली निवडली. विषय होता यंत्रमागांचा आवाज आणि विणकरांची श्रवणक्षमता. ध्वनिमापक घेऊन मी खोल्याखोल्यांतून फिरले. मामांच्या खोलीत सत्त्याण्णव डेसिबल भरले. दुसरा भाग श्रवणाचा होता. विद्यापीठाकडे हलवता येईल असं श्रवणमापक यंत्र नव्हतं, म्हणून मी एक साधी चाचणी बेतली : विणकरापासून एक मीटरवर उभं राहायचं, सामान्य आवाजात दहा शब्द म्हणायचे, त्याने ते परत म्हणायचे. माग थांबवले तर उत्पादन बुडतं, म्हणून चाचणी चालत्या मागांतच घेतली. तेवीस विणकर. मामांचा क्रमांक पहिला. ते मागाच्या लाकडावर तळहात टेकवून उभे राहिले. दोरा तुटला की तो आधी त्यांच्या तळहाताला कळत असे. मी "पाणी" म्हटलं, ते "पाणी" म्हणाले. "बाजार", "माती", "पोपट"... दहापैकी दहा. "पास का नापास?" त्यांनी विचारलं. "पहिला नंबर," मी म्हटलं. अक्का कोपऱ्यातून टाच आपटून म्हणाल्या, "घरात मी बोलते ते बरं यांना ऐकू येत न्हाय!" आणि सगळी खोली हसली.

बावीस जणांनी आठच्या वर गुण मिळवले. तुलनेसाठी मी स्वतःलाही तिथेच, चालत्या मागांत, तपासून घेतलं. मैत्रिणीने शब्द म्हटले आणि मलाही दहापैकी दहा पडले. मी लिहिलं : दीर्घ अनुभव असलेल्या विणकरांमध्ये संभाषणाची श्रवणक्षमता अबाधित आढळते. हे अनपेक्षित होतं, म्हणून लक्षवेधी होतं. माझ्या मार्गदर्शकांनी पाठ थोपटली, परिषदेत पारितोषिक मिळालं, आणि त्याच निबंधाच्या बळावर पुढे मला पुण्यातच पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती मिळाली. वास्तविक सत्त्याण्णव डेसिबलमध्ये एक मीटरवरून सामान्य आवाजातले दहाही शब्द कोणत्याच शाबूत कानाला ऐकू येणं शक्य नव्हतं. दहापैकी दहा हा आकडाच सांगत होता की इथे कानांचा काही संबंध नाही. बाहेरून आलेल्या कुठल्याही संशोधकाने सहज म्हणून विणकराला पाठ फिरवून उभं केलं असतं. ते मला सुचलं नाही. आमच्या गल्लीत कुणी कुणाच्या पाठीमागून बोलत नाही.

चूक मला कळली ती साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात, सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधल्यावर. मी घरी आले तेव्हा आप्पा म्हणाले, बालय्याला काहीतरी झालंय, विचारलेल्याचं उत्तर देत नाही, दारात बसून राहतो. मी खाली गेले. मास्क लावून, सहा फुटांवरून, तब्येत विचारली. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पापा, समदी गप का झाल्यात गं?" मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि पुन्हा विचारलं. त्यांचा चेहरा उजळला. "बरा हाय की! तू कधी आलीस?" ... एवढंच. एका क्षणात तेवीस माणसं, दोनशे तीस शब्द आणि माझा एक निष्कर्ष माझ्यासमोर कोसळला. त्या आठवड्यात माझी शिष्यवृत्तीची अंतिम मुलाखत होती. ती झाल्यावर मार्गदर्शकांना पत्र लिहीन, असं मी ठरवलं. मुलाखत झाली. मग प्रवेश निश्चित व्हायचा होता, मग पहिला अहवाल द्यायचा होता. पत्र मी लिहिलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांत गल्लीतले माग गेले. आधी ते तात्पुरते बंद होते, मग नुसतेच बंद होते, मग भंगारवाल्याचा टेम्पो आला. बिडाचे ते सांगाडे दारातून अख्खे निघत नाहीत, त्यामुळे खोलीतच घणाने फोडावे लागतात. मामांचे माग फोडले त्या दिवशी मी तिथे होते. भंगारवाला म्हणाला, "मामू, बाजू हटो, तुकडा उडेल." मामा हलले नाहीत, शेवटच्या मागावर तळहात टेकवून उभे राहिले, आणि प्रत्येक घावाला त्यांचा खांदा हलत होता. चौथ्या घावाला मागाचे दोन तुकडे झाले तेव्हा त्यांनी हात काढून पँटीला पुसला. पुढे खाली मोबाइलची दुकानं आली, एक शिकवणी आली, रिक्षा लावायची जागा झाली. तरुण पोरं भिवंडीला, हैदराबादला, पुण्याला गेली. मामांची मुलगी लग्न होऊन हैदराबादलाच होती. आप्पांच्या हातातल्या मोटारी संपल्या. ते पंखे दुरुस्त करू लागले, अक्का बिड्या वळू लागल्या. एका सुट्टीत मी सवयीने ध्वनिमापक लावला. माझा अंदाज होता, आकडा निम्म्याहून खाली येईल. आला नाही. प्रत्येक घरातला टीव्ही शेवटच्या पट्टीवर होता, नवरा-बायको एकमेकांवर खेकसत होते, आणि बार्शीहून नव्याने लग्न होऊन आलेली एक सून मला म्हणाली, "ताई, हितली माणसं सारखी भांडतात का हो?" माग गेल्यावर घराघरांतलं बहिरेपण असं उघडं पडलं होतं. गल्लीचं म्हणणं होतं की माणसं चिडखोर झाली.

विणकरांना मिळण्यासारखी एकच नोकरी शहरात उरली होती. ज्या गिरणीत मामा सतराव्या वर्षी शिरले, तिच्या जागेवर आता चार इमारतींचं गृहसंकुल आहे. तिथे वॉचमन हवे होते. मामा माझ्याकडे आले. "पापा, तू छापलंयस न्हवं, बालय्याचे कान चांगले हायत म्हणून? तो कागद दे की. सुपरवायजर कानाचं इचारतोय."

मी समोर बसून, शब्द मोठे करून म्हटलं, "मामा, ते चुकलं होतं माझं. तुम्हाला ऐकू येत नाही."

"ते मला म्हाईत न्हाय व्हय?" ते हसले. "गिरणीत होतो तवापासून म्हाईत हाय. पर तू छापलंयस. छापलेलं कोन खोडतंय?"

"मागून गाडी आली तर?"

"फाटकावर हात ठिवतो की मी. लोखंड सांगतंय." मग गंभीर होऊन म्हणाले, "अक्काच्या बिड्यांवर दोघं कसं जगायचं, ते सांग. मग नगं देऊ."

मी निबंधाच्या त्या पानाची छायाप्रत काढली आणि खाली सही केली. मुलाखतीला निघताना ते म्हणाले, "देव करो नि सुपरवायजरला मिशी नसो." नव्हती. सुपरवायझरने समोर बसवून चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं बरोबर आली. पहिल्या महिन्यात मी त्यांना भेटायला संकुलात गेले. गणवेशात ते बारीक दिसत होते. मला गाड्या लावायच्या जागेत घेऊन गेले, एका खांबापाशी थांबले आणि टाच आपटून म्हणाले, "हितं माझा माग हुता. इक्कीस नंबर." तिथे कुणाची तरी पांढरी मोटार उभी होती. दोन वर्षं ते तिथे टिकले. फाटकापाशी उभे असताना त्यांचा हात खरोखरच लोखंडावर असे, आणि रहिवासी त्यांना रुबाबदार म्हणत. पण टाकीचं झाकण फाटकापासून वीस पावलांवर आहे, आणि तिथे हात टेकवायला काही नाही.

तेराव्यानंतर आप्पा आणि मी संकुलाच्या कार्यालयात गेलो. अक्कांना काही मदत मिळेल का, हे विचारायचं होतं. सुपरवायझर सभ्य माणूस आहे. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याने फाइल काढली. "आमच्याकडून हयगय नाही झाली, मॅडम. कान तपासलेले होते त्यांचे. हे बघा, विद्यापीठाचा कागद आहे." त्याने पान माझ्यापुढे सरकवलं. सहीखालचं नाव आणि समोर बसलेली बाई यांचा संबंध त्याच्या लक्षात आला नव्हता. आप्पांच्या आला. "हा कागद माझाच आहे, आणि तो चुकीचा आहे," मी म्हटलं. सुपरवायझर गोंधळून आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिला. परतताना गल्लीच्या तोंडाशी थांबून आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी वळले, आणि मग म्हणाले, "आता बाकीच्यांचं काय?"

बाकीच्यांचं. मार्गदर्शकांना मी त्याच दिवशी लिहिलं. निबंध मागे घ्यावा, शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळालाही कळवावं. उत्तर अजून आलेलं नाही, जे येईल ते येईल. पण तेवीस जणांची यादी घेऊन मी गल्लीत फिरले तेव्हा नऊच उरले होते, आणि त्यांतले सहा वॉचमन होते. दवाखान्यात, लग्नाच्या कार्यालयात, शाळेत, कापडाच्या गोदामावर... पुन्हा तपासते, यावेळी नीट, सरकारी दवाखान्यात नेऊन, असं मी एकेकाला सांगितलं. सहाही जणांनी नकार दिला. "बाई, तुझा कागद चुकला असंल तर चुकू दे की," त्यांच्यातला सर्वांत वयस्क म्हणाला. "बालय्या येकदाच मेला. नोकरी गेली तर आमी रोज मरनार." त्याच्या खिशातही माझ्या त्याच पानाची घडी घातलेली प्रत होती, मामांनीच सगळ्यांना काढून दिली होती. चूक दुरुस्त करायची तर सहा घरांची चूल विझणार, न करायची तर सहा माणसं पाठीमागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या स्वाधीन. याचं गणित मला मांडता आलेलं नाही. मांडता येईल असा आवही मी आणत नाही.

परवा अक्कांकडे बसले होते. खोली रिकामी आहे. जिथे माग रोवले होते तिथे जमिनीत बोल्टांची भोकं आहेत, आणि त्यांत अक्कांनी बिडीच्या पानांचा चुरा दाबून ती बुजवली आहेत, मुंग्या येतात म्हणून. मुलगी हैदराबादला बोलावते. त्या जात नाहीत. रस्त्यापलीकडून पाणी आणतात, दुपारी कारखान्यात बिड्या देऊन येतात, एकट्याच. मी सहा जणांच्या नकाराचं सांगितलं. "मग माझं तपास की," त्या म्हणाल्या. "मला कुटं नोकरी करायचीय?" मी म्हटलं, तुमचं नाव यादीत नव्हतं, तुम्ही विणकर नव्हता. "तीस वर्सं कांड्या भरल्या की गं याच खोलीत. पर मला येतं ऐकू. त्यांनाच येत नव्हतं. त्यांचं समदं मीच तर ऐकायची." आणि हसत हसत त्या उठल्या, मी सांगितलं तशा भिंतीकडे तोंड करून बसल्या, पदर कानामागे घेतला. बाहेर रस्ता त्या वेळी शांत होता. मी त्यांच्या मागे एक मीटरवर उभी राहिले आणि सामान्य आवाजात, प्रत्येक शब्दानंतर पाच सेकंद थांबत, दहा शब्द म्हटले. दहावा संपला. अक्का ताठ बसून होत्या, हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या. थोड्या वेळाने त्या भिंतीला म्हणाल्या, "सुरू कर की गं, पापा."

वहीत मी लिहिलं : दहापैकी शून्य.